जमाखर्चाच्या वहीत सुखाची एक ओळ



पाडवा जवळ आला की घरोघरी गेल्या सालाचा हिशेब निघतो. सोसायटीचे किती भरायचे राहिले, खताच्या दुकानाची उधारी किती, तूर मर लागून किती गेली, हे सारे तुम्हाला तोंडपाठ असते. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून मी गावोगाव हिंडतो. तीस वर्षांच्या नोकरीत किती पारांवर बसलो आणि किती घरचा चहा प्यालो याची गणतीच नाही. कुठल्याही पारावर "गेलं साल कसं गेलं?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "काय सांगावं साहेब, सालच वाईट."

पण "गेल्या साली आनंद कशाकशाचा झाला?" असे विचारून पाहा. माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. कुणी हसतो, कुणी म्हणतो, "आनंद कसला आलाय साहेब?" आणि बोलणे पुन्हा भावावर आणि पावसावर येते.

हा प्रश्न एका पाडव्याला मला स्वतःलाच विचारावा लागला. त्याची हकिगत आज तुम्हाला सांगणार आहे. सांगण्यासारखी वाटते, कारण ती एकट्या माझी नाही.

गुढी न उभारलेला पाडवा

2024 साली पाडवा 9 एप्रिलला होता. गल्लीत सगळ्या दारांत गुढ्या होत्या, आमच्या दारात नव्हती. माझे वडील फाल्गुनात गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. वय चौऱ्याऐंशी. काठी टेकत रानात जाणारा माणूस आठ दिवस अंथरुणावर पडला आणि गेला. सणाच्या दिवशी घरात पुरण नाही, तोरण नाही. मी पडवीत नुसता बसून होतो.

मार्चअखेरचा अहवाल राहिला होता, म्हणून फिरतीची दैनंदिनी पुढे ओढली. पाने उलटली तेव्हा लक्षात आले की वर्षभर आपण नुकसानच लिहीत आलो आहोत. त्या 2023 साली पाऊस उशिरा आला. आमच्या लातूर भागात बऱ्याच पेरण्या जुलैवर गेल्या. ऑगस्ट तर असा कोरडा गेला की 1901 पासूनच्या नोंदींत देशाने एवढा कमी पावसाचा ऑगस्ट पाहिला नव्हता. पुढे सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी आला. आणि साल सरता सरता अण्णा गेले.

मी दैनंदिनी मिटली आणि मोठ्याने म्हणालो, "वाईट साल गेलं."

आमच्या सौ. आतून म्हणाल्या, "सगळंच्या सगळं?"

एवढाच प्रश्न. पण तो डोक्यातून जाईना. मी दैनंदिनी पुन्हा उघडली. तिच्यात काय, तारीख, गावाचे नाव आणि "मार्गदर्शन केले" किंवा "पाहणी केली" एवढेच. पण एकेका गावाचे नाव वाचताना त्या दिवसाच्या मागचे काहीबाही आठवू लागले.

पोत्यावर उगवलेले बी

मे महिन्यात एका गावी बचत गटाच्या महिलांना सोयाबीनची उगवण तपासायला शिकवले होते. तुम्हाला ही रीत ठाऊक असेलच, तरी सांगतो. साठवलेल्या बियाण्यातून सरसकट 100 दाणे घ्यायचे, निवडून नव्हे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून ओले गोणपाट झाकून हलक्या हाताने गुंडाळी करायची आणि ती सावलीत ठेवून ओल राखायची. पाच-सहा दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. 70 च्या खाली आले तर दर टक्क्याला अर्धा किलोच्या आसपास बियाणे वाढवायचे. 60 च्याही खाली उतरले तर ते बियाणे पेरायच्या भरीस पडू नये.

त्या गटात एक मावशी होत्या. मालक वारलेले, दोन एकर रान, दोन मुली. घरच्या सोयाबीनवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. सगळ्या म्हणत होत्या, "बॅगच घे बाई, घरचं कुठं उगवतंय!" सहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांनी माझ्यादेखत गुंडाळी उघडली. मोजणी धाकट्या मुलीने केली. चौऱ्याऐंशी! मावशींनी तिला पुन्हा मोजायला लावले. पुन्हा चौऱ्याऐंशीच. "म्हंजी माझं बी चांगलं हाय की," असे त्या हळूच म्हणाल्या. बॅगेचे पैसे वाचले हे खरेच. पण "माझं बी चांगलं आहे" हे वाक्य बोलताना त्यांचा चेहरा जसा झाला, तसा मला पगारवाढीच्या दिवशीही माझा झालेला आठवत नाही.

दैनंदिनीत त्या दिवसापुढे लिहिले होते, "उगवण चाचणी प्रात्यक्षिक. उपस्थिती 22."

फोनवर ऐकवलेला पाऊस

त्या ऑगस्टमध्ये मी रोज रानोमाळ हिंडत होतो. सोयाबीन फुलात आलेले, आणि जमिनीला भेगा. लोक विचारत, "साहेब, काय करावं?" मी सांगत होतो, कोळपणी करा म्हणजे भेगा बुजतील आणि ओल उडणार नाही. विहिरीत पाणी असेल तर तुषार संचाने एक पाणी द्या. पाणी नसेल तर पोटॅशियम नायट्रेटची, 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम या प्रमाणात, फवारणी करा. सांगत होतो, पण तोंड कोरडे पडत होते. ज्यांनी पेरतानाच रुंद वरंबा सरी केली होती, चार ओळींनंतर सरी सोडली होती, त्यांचे पीक दुपारी माना टाकी आणि सकाळी पुन्हा ताठ होई. बाकीच्यांचे सकाळीही उठत नसे. तो फरक पाहून पुढच्या साली कितीजणांनी सरी सोडली हे तुम्ही आमच्या भागात येऊन पाहू शकता. पण त्या घडीला कुणाला शिकवायची वेळ नव्हती.

सप्टेंबर लागला आणि एके रात्री पत्र्यावर थेंब वाजले. आधी वाटले मांजर असेल. मग सरच आली. मी आणि सौ. अंगणात जाऊन उभे राहिलो. भिजायचे आमचे वय नाही, तरी भिजलो. मुलगी पुण्याला नोकरीला आहे. ती महिनाभर रोज फोन करून एकच विचारत होती, "बाबा, आला का पाऊस?" रात्री अकराला मी तिला फोन लावला, काही बोललो नाही, फोन नुसता पत्र्याखाली धरला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "बाबा, अजून थोडा वेळ धरा."

आमचे सोयाबीन त्या पावसाने पूर्ण सावरले असे नाही. एकरी आठ क्विंटलच्या रानात पाच झाले. पण ती रात्र त्या तीन क्विंटलांच्या बदल्यात कुणी मागितली, तरी मी देणार नाही.

वासरू उभे राहिले

पोळा त्या साली अधिक श्रावणामुळे 14 सप्टेंबरला आला. लम्पीच्या धास्तीने आमच्या गावात बैल एकत्र आणले नाहीत, मिरवणूक निघाली नाही. ज्याने त्याने आपल्या गोठ्यात पूजा केली. आमच्या शेजाऱ्यांचे वासरू त्याच रोगाने महिनाभर आजारी होते. अंगावर गाठी, पायाला सूज, चारा तोंडात धरेना. डॉक्टर येऊन औषधे देऊन गेले होते. पण दिवसातून चार वेळा पातळ कण्या हाताने भरवायच्या, जखमा धुवायच्या आणि माश्या बसू नयेत म्हणून सांजसकाळ लिंबाच्या पाल्याचा धूर करायचा, हे काम घरच्या आजींनी केले. त्यांना मी म्हणालो होतो, "आजी, फार आशा धरू नका." अधिकारी माणसाने शहाणपण सांगायचे असते ना!

पोळ्याच्या दिवशी आजी हातात निवद घेऊन गोठ्यात गेल्या, आणि वासरू आपणहून उठून उभे राहिले. आजींनी मला हाक मारली ती अशी की मला वाटले गेले बिचारे. धावत गेलो. आजी म्हणाल्या, "बघा साहेब, तुमच्या शहाणपणाला कसं उठवलंय!" मी माझा शहाणपणा तिथेच गोठ्यात ठेवून पुरणपोळी खायला बसलो.

दाजींच्या ओसरीवरचा चहा

आता जी गोष्ट सांगतो ती जरा जपून सांगतो. आमच्या मंडळातल्या एका गावी एक शेतकरी आहेत. नाव सांगत नाही, आपण त्यांना दाजी म्हणू. चार एकर कोरडवाहू. त्या साली त्यांना सोयाबीन एकरी तीनच क्विंटल झाले. सरकारचा हमीभाव 4,600 रुपये होता, पण घरात देणेकरी बसलेला असला की हमीभावाची वाट कोण पाहतो? मिळेल त्या दराने त्यांनी माल घातला. खर्चही निघाला नाही. थोरल्या मुलीचे लग्न ठरलेले, ते पुढे ढकलावे लागले.

ऑक्टोबरात मी गावात गेलो तर पारावर दाजी दिसले नाहीत. दुसऱ्या खेपेलाही नाहीत. घरी गेलो. वहिनी दारातच हलक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, कुणाशी बोलत न्हाईत वं. जेवण बी घशाखाली उतरंना. रातच्याला उठून बसत्यात."

मी आत गेलो. सोयाबीनचे नाव काढले नाही, कर्जाचे काढले नाही. चहा मागितला. अर्धा तास आम्ही दोघे गप्प बसलो. उठताना म्हणालो, "दाजी, सोमवारी येतो. हरभऱ्याचं रान बघायचंय." ते काही बोलले नाहीत. सोमवारी गेलो. रान पाहिले, ओल थोडी होती. बियाणे गटातून उसने मिळवले, ट्रायकोडर्मा आणि जिवाणू संवर्धक चोळून पेरले. पेरताना ज्वारीचे मूठभर दाणे मिसळले, म्हणजे ताटे वाढली की पाखरे त्यांवर बसतात आणि घाटेअळी टिपतात. नोव्हेंबरअखेरच्या ज्या अवकाळीने तुरीचा फुलोरा झाडला, त्याच पावसाने दाजींच्या हरभऱ्याला एक पाणी दिले.

शेतीचा अधिकारी म्हणून मी एवढेच करू शकत होतो. पण वहिनींना आणि त्यांच्या भावाला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. घरातला माणूस असा गप्प झाला, जेवण-झोप तुटली, तर "होईल बरं आपोआप" म्हणून सोडू नका. त्याला एकटे ठेवू नका, फवारणीची औषधे घरात नकोत, ती कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचेही डॉक्टर असतात. ‘टेली मानस’ नावाची सरकारची सेवा 2022 पासून आहे. 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट फोन करता येतो, मराठीत बोलता येते. दाजींचे मेहुणे त्यांना तालुक्याला घेऊन गेले. मनाला ताप येतो तसा अंगालाही येतो. अंगाच्या तापाला आपण डॉक्टर करतो, मग मनाच्या तापाची लाज कशाला?

जानेवारीत एका सकाळी दाजींचा फोन आला. दोन महिन्यांत त्यांनी आपणहून केलेला पहिला फोन. "साहेब, येळवसंला आमच्या रानात यायचं. नाही म्हणायचं नाही."

अण्णांची शेवटची येळवस

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आम्ही वेळ अमावास्या पाळतो. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि राने भरतात. कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडतात, काळ्या आईची पूजा करतात. मग भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, खीर आणि ताकातली आंबील. आपल्या रानात येईल त्याला जेवू घालायचे, ओळख असो वा नसो. त्या साली हा सण 11 जानेवारी 2024 ला आला होता.

अण्णांचे पाय डिसेंबरपासून चालत नव्हते. "मला घरीच ठेवा, माझ्यामागं माणूस अडकंल," असे ते म्हणत होते. धाकट्या भावाने ऐकले नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा अंथरला, वर गादी टाकली आणि अण्णांना रानात नेले. कोपीच्या सावलीला ते पाठ टेकून बसले. समोर ज्वारी पोटऱ्यात आलेली. त्यांनी एक ताट हाताने वाकवले, पान चोळून पाहिले आणि मला म्हणाले, "तुमच्या खात्याची दिसतीया." पन्नाशी उलटलेल्या मुलाला बापाने दिलेली एवढीच शाबासकी. त्यांनी दोन वाट्या आंबील घेतली. डॉक्टरांनी आंबट वर्ज्य केले होते. त्या दिवशी डॉक्टरांचे कुणी ऐकले नाही.

दुपारी मी दाजींच्या रानात गेलो. पंगत बसली होती. दाजी स्वतः वाढत होते. माझ्या वाटीत आंबील ओतताना त्यांचा हात थोडा थरथरत होता. कुणाला ऐकू जाणार नाही असे ते म्हणाले, "साहेब, हा दिस मी बघणार नव्हतो." मी त्यांच्याकडे पाहिले आणि मान खाली घालून भाकरी कुस्करली. दुसरे काय करणार?

दैनंदिनीत 11 जानेवारीपुढे लिहिले होते, "रजा."

"तुमच्या डायरीत मी कुठं आहे?"

पाडव्याच्या त्या दुपारी हे सारे मी सौ.ना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "छान. पण ह्यात मी कुठं आहे? पावसात भिजायला तेवढी!"

खरेच की! मग मी त्यांना त्यांच्या सालाचे विचारले. त्यांनी बोटे मोजीत सांगितले. परसातला शेवगा तीन वर्षांनी लागला तो दिवस. दिवाळीत आपण चौघे पहिल्यांदा एका पंगतीला बसलो, कारण तुमचा दौरा नव्हता, तो दिवस. अण्णांनी आजारपणात एकदा मला ‘सूनबाई’ न म्हणता ‘बाळ’ म्हटले, तो दिवस. आणि एक, तुम्ही दवाखान्यातून येऊन रडलात आणि माझ्यापासून लपवले नाही, तो दिवस.

मी थक्क झालो. एकाच घरातले, एकाच छपराखालचे साल. तिच्या यादीतले मला एकही आठवत नव्हते. आणि मला जे आठवले ते तरी किती? दैनंदिनीत फिरतीचे दोनशेच्या वर दिवस होते. त्यातले पाच-सहा सापडले. बाकीच्या दिवसांत काहीच चांगले घडले नसेल का? घडले असणारच. पण लिहिले नव्हते, म्हणून गेले. नुकसान मात्र पंचनाम्यासकट जागेवर होते.

अण्णांची वही

संध्याकाळी सौ. म्हणाल्या, "अण्णांची पेटी तरी उघडा." पत्र्याची पेटी. तिच्यात सातबाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, आईचे एक लुगडे आणि लाल कापडी बांधणीच्या जमाखर्चाच्या वह्या. अण्णा चौथी शिकलेले. पण हिशेबाला पक्के. कुणाचे किती दिले, कुणाकडून किती आले, बियाणे, मजुरी, पाऊस कधी पडला, गाय कधी व्याली, सगळे त्या वह्यांत. लहानपणी आम्हाला त्या वह्यांना हात लावायची बंदी होती.

सर्वांत जुनी वही 1972 च्या दुष्काळातली. त्या सालाविषयी मी जन्मभर अण्णांकडून एकच ऐकत आलो, "बाहात्तर सालानं खाल्लं आम्हाला." पाऊस नाही, पीक नाही, बैल विकले. आई आणि अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि मुलांना सुकडी. आमच्या घरात बहात्तर साल म्हणजे नुसता काळोख.

वहीत तेच होते. "बैलजोडी विकली." "विहीर आटली." "खडी फोडली. हप्ता आला. मिलो आणला." अशी पानामागून पाने. आणि 1973 च्या माघातल्या एका पानावर, खडीच्या हिशेबाखाली, त्याच पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ होती.

"बाळ आज चालला."

तो बाळ म्हणजे मी.

वाचकहो, मला आठवते तेव्हापासून अण्णांनी कधी मला मांडीवर घेतले नाही, कधी तोंडावर कौतुक केले नाही. त्या पिढीची रीतच तशी होती. आणि दिवसभर खडी फोडून हाताला फोड आलेल्या त्या माणसाने कंदिलापाशी बसून, बैल गेल्याच्या आणि विहीर आटल्याच्या हिशेबात, ही ओळ लिहून ठेवली. त्याच्यामागे जमा नाही, खर्च नाही, रक्कम नाही. पण वहीत तिला जागा दिली. त्याअर्थी ती त्यांच्या लेखी जमेचीच बाब होती.

मग मी सगळ्या वह्या चाळल्या. रात्रीचे दोन वाजले. पानापानांत अशा ओळी होत्या. "विहिरीला पाणी लागले. गूळ वाटला." "तांबडीला कालवड झाली." "तूर चांगली. हिला लुगडे घेतले." सगळ्या पानांवर नव्हत्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाचे पान पाहिले. नुसती तारीख, बाकी कोरे. काही दिवस असे असतात की त्यांत जमेला काहीच नसते, आणि अण्णांनी तिथे उगाच काही ओढूनताणून लिहिले नव्हते. मी तेव्हा परभणीला कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. तीन पाने सोडून लिहिले होते, "पोरगा परभणीहून आला. घरचे सगळे आहोत."

एवढेच करून पाहा

बंधू-भगिनींनो, आनंदाची ओळ लिहिल्याने कर्ज फिटत नाही, हे मला कळते. सोयाबीनला भाव मिळत नाही आणि आटलेली विहीर भरत नाही. त्यासाठी वेगळे झगडावे लागते आणि ते झगडलेच पाहिजे. आनंद लिहा म्हणजे नुकसान विसरा, असे मी म्हणणार नाही. पंचनामा चोख करा, विम्याची तक्रार वेळेत करा, देण्याघेण्याचा हिशेब पैशा-पैशाचा ठेवा.

पण हिशेब ठेवायचा तर दोन्ही बाजूंचा ठेवा. खर्चाची बाजू तेवढी लिहिली आणि जमेची सोडून दिली, तर त्याला कुणी हिशेब म्हणत नाही. आपले साल आपण असेच अर्धे लिहितो आणि मग म्हणतो, सालच वाईट. दुःख न लिहिताही मनात राहते. सुख लिहून ठेवावे लागते.

करायचे ते सोपे आहे. शंभर पानी वही आणा. वही नको तर भिंतीवरची दिनदर्शिका आहेच, तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकटीत लिहा. दिवसाची एकच ओळ, तीही असेल तर. तारीख, काय झाले, कोण होते. मोठे काही नको. करडू झाले, शेजाऱ्याने पाण्याची पाळी सोडली, पोराला गणित आले, सुनेने केलेली भाकरी सासूला आवडली, लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि शाळेतल्या मुलाने लिहावे, म्हणजे मुलालाही आपल्या घरात काय चालते ते कळेल. बायामाणसांच्या ओळी विचारून घ्या, नाही तर माझ्यासारखी गत होईल. ज्या दिवशी काही नाही तो दिवस कोरा सोडा. आणि पाडव्याच्या आदल्या रात्री, दिवेलागण झाली की, सगळे बसून ती वही एकदा मोठ्याने वाचा.

आमच्या घरात त्या पाडव्यापासून अशी वही आहे. दाराजवळ खिळ्याला दोरीने टांगलेली. पहिली ओळ मीच लिहिली, "अण्णांची वही सापडली." त्याखाली सौ.च्या अक्षरात आहे, "ह्यांनी आज मला विचारलं." दाजींच्या मुलीचे लग्न 2024 च्या मे महिन्यात झाले, तेही तिच्यात आहे. जेवणाची पंगत मी वाढली.

यंदाही पाडवा येईल. तुमच्या दारात गुढी असो, नाही तर आमच्यासारखी एखाद्या साली नसो, त्या दिवशी घरातल्या माणसांना एकदा विचारून पाहा, "गेल्या साली आनंद कशाचा झाला?" सुरुवातीला कुणी बोलणार नाही. थोडा वेळ थांबा. चहा ठेवा. मग कुणीतरी बोलेल.

आणि आधी घरातल्या सगळ्यांत गप्प माणसाला विचारा.